दाणा गेला, कडबा तरी राहू दे

(दृश्य : आडवं झालेलं रब्बी ज्वारीचं रान. फक्त वाऱ्याचा आवाज.)

काल दुपारपर्यंत या मालदांडी ज्वारीत माणूस शिरला तर दिसत नव्हता. उपटायला आठ-दहा दिवस राहिले होते. मग आभाळ आलं, गारांचा मारा झाला.

(दृश्य : एक कणीस, अगदी जवळून.)

वाऱ्याकडची बाजू झडून गेलीय, दुसऱ्या बाजूचा दाणा जसाच्या तसा. ताटाला गार लागली तिथं साल सोलून पांढरा वण उठलाय.

2014 साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत सोलापूर, मराठवाडा, विदर्भात अशाच गारा पडल्या. तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पहिल्या माऱ्यातून वाचवून वाळत घातलेलं दुसऱ्या माऱ्यात भिजलं.

गव्हाची ओंबी झडली की हिशेब तिथंच संपतो. ज्वारीचं तसं नाही. तिच्या वाळलेल्या ताटांचा कडबा म्हणजे गोठ्याचा उन्हाळ्याचा चारा. म्हणून जुनी माणसं पडलेली ताटं उभी करत बसत नाहीत. आधी साचलेलं पाणी काढून देतात. मग कणसं खुडून ताडपत्रीवर पातळ पसरतात. ढीग घातला तर आतून तापतो, हात घातला की कळतं. बुरशी धरली की मोत्यासारखा दाणा काळा पडतो, आणि काळ्या ज्वारीला अडतीवर कोण विचारतंय?

ताटांच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, मधून वारा खेळला पाहिजे. ओली गंजी रचली तर कडबाही गेलाच म्हणा.

एक मात्र सांभाळायचं. मोडलेल्या ताटांच्या बुडातून कोवळे फुटवे येतात. हिरवं दिसतं म्हणून तिकडं जनावर सोडायचं नाही. ही किराळ विषारी. पोटात गेली की घटकाभरात जनावर आडवं होतं.

(दृश्य : बांधावर पंचनामा.)

2014 साली सरकारी मदतीला निम्मं पीक जावं लागायचं. 2015 मध्ये ती अट 33 टक्क्यांवर आली. मघाचं ते अर्धं झडलेलं कणीस आठवा. जुन्या अटीत सगळा वाद त्या अर्ध्यावरच. मदत ठरते हेक्टरावर. काळ्या पडलेल्या पेंढ्या कोणी मोजत नाही.

(दृश्य : गोठा, संध्याकाळ.)

बैलापुढं दोन पेंढ्या टाकल्यात. काळी त्यानं हुंगली, नाकानं बाजूला सारली. पांढरी ओढून घेतली.