आपलं पोरगं, पण सही कुणाची? खान्देशातल्या पालकत्वाची गोष्ट

हा सातबारा जरा नीट बघा. अमळनेर तालुक्यातलं गाव आहे, कापसाची कोरडवाहू जमीन, नावं आम्ही मुद्दाम झाकलीत. भोगवटादाराच्या रकान्यात दोन लहान भावंडांची नावं आहेत, त्यांच्यापुढे अ.पा.क. असं लिहिलंय आणि मग आईचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे कायद्याच्या भाषेत १८ च्या आतलं मूल. बाप गेला, वारस लागले, पण वारस अजून १८ वर्षांचे नाहीत म्हणून त्यांच्या वतीनं आई. तिचं नाव इथे दोनदा आहे बघा, एकदा स्वतःच्या हिश्श्याची वारस म्हणून आणि एकदा पोरांची पालक म्हणून. असे उतारे खान्देशात गावोगावी सापडतात, कोणी हायवेवर अपघातात गेलेलं असतं, कोणी कर्जापायी फवारणीचं औषध घेतलेलं असतं, कोणी कोरोनात गेलेलं असतं.

आता गावात सगळ्यांना वाटतं की नाव लागलं म्हणजे काम झालं, उद्या गरज पडली तर आई सही करेल आणि एक एकर विकून टाकेल. आणि इथेच गडबड होते.

१९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आहे, त्याचं कलम ८ सरळ सांगतं की अज्ञान मुलाच्या नावावरची जमीन, घर, प्लॉट नैसर्गिक पालकालासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, बक्षीस देता येत नाही, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानंही देता येत नाही. नैसर्गिक पालक म्हणजे आईबापच. बाप जिवंत असला तरी त्यालाही हेच लागू. परवानगी न घेता खरेदीखत झालंच, तर पोरगं १८ चं झाल्यावर तीन वर्षांच्या आत कोर्टात जाऊन ते रद्द करून मागू शकतं. म्हणून घेणाऱ्यालाही आमचं सांगणं आहे, स्वस्तात मिळतेय म्हणून अ.पा.क. असलेली जमीन परमिशन न बघता घेऊ नका, पैसे द्याल, विहीर खोदाल, ठिबक टाकाल आणि आठ-दहा वर्षांनी समन्स येईल. एकत्र कुटुंबाच्या न वाटलेल्या जमिनीचं गणित वेगळं आहे, तिथे कर्त्याला कायदेशीर गरजेसाठी विकायचा अधिकार असतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त भांडणं तिथंच होतात, कारण गरज खरी होती की काकानं दाखवली होती हे वीस वर्षांनी कोण सांगणार.

कोर्ट परवानगी देतं कशासाठी? गरज असेल तर, नाहीतर त्यात पोराचा उघड फायदा असेल तर. शिक्षण, आजारपण, बापानं करून ठेवलेलं कर्ज. जिल्हा कोर्टात अर्ज करायचा, सातबारा जोडायचा, मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्माचे दाखले, किंमत किती येतेय ते आणि त्या पैशाचं काय करणार ते सांगायचं. बरेचदा कोर्ट परवानगी देताना अट घालतं की मुलांच्या हिश्श्याचे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या नावानं एफडी करा, आणि १८ पूर्ण होईपर्यंत कोर्टाला विचारल्याशिवाय मोडू नका. बायांना याचा राग येतो, की पोरं मी वाढवतेय आणि पैसे बँकेत अडकले. राग समजतो आम्हाला. पण त्या अटीमुळेच दिराच्या, भावाच्या, गावातल्या सावकाराच्या दबावातून ती रक्कम वाचते, हेही खरं आहे.

आणि आईसुद्धा नसेल तर?

तेव्हा आपल्याकडे कोणी कोर्टात जात नाही. दहाव्याला नातेवाईक बसतात, मोठा कोणीतरी विचारतो पोरं कोण नेणार, आणि मामा म्हणतो मी नेतो, नाहीतर आजी म्हणते माझ्याजवळ राहू द्या. त्या माणसांनी किती पोरांना जगवलंय त्याला तोड नाही, ते पुन्हा पुन्हा सांगितलं पाहिजे. पण कायद्याच्या नजरेत हा मामा फक्त प्रत्यक्ष सांभाळणारा आहे आणि १९५६ च्या कायद्याचं कलम ११ म्हणतं की नुसतं सांभाळतो म्हणून कोणालाही अज्ञानाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येणार नाही. मग बापाच्या विम्याचे पैसे, बँकेतली रक्कम, जमिनीचा मोबदला, सगळीकडे एकच उत्तर मिळतं, कोर्टाचं पालकत्वाचं पत्र आणा.

त्यासाठी १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे. ब्रिटिशांच्या काळातला, पण आजही चालतो आणि सगळ्या धर्मांना चालतो. मूल जिथे नेहमी राहतं त्या जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज करायचा, जवळच्या नातेवाईकांना नोटिसा जातात, कोणाची हरकत असेल तर ती ऐकतात. कोर्ट बघतं की मुलाचं वय काय, अर्ज करणाऱ्याची वागणूक कशी आहे, ऐपत आहे का, नातं किती जवळचं आहे, मेलेल्या आईबापाची काही इच्छा होती का, आणि त्याचा स्वतःचाच त्या मालमत्तेवर डोळा तर नाही ना. मूल कळत्या वयाचं असेल तर त्याला काय वाटतं हेही विचारात घेतात, बरेचदा न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलतात, काका-मामा बाहेर बाकावर बसलेले असतात. सगळ्यात वर मुलाचं हित, बाकी सगळं नंतर. पालक नेमला की काम संपत नाही, कोर्ट त्याच्याकडून मालमत्तेची यादी मागू शकतं, हिशोब मागू शकतं, बॉण्ड लिहून घेऊ शकतं, आणि चुकला तर काढूनही टाकू शकतं.

कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांचं यात थोडं वेगळं झालं. राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ५ लाखांची मुदत ठेव ठेवली, पीएम केअर्समधून २३ व्या वर्षी १० लाख मिळणार आहेत, जिल्ह्याची बालकल्याण समिती त्यात लक्ष घालते. या पैशाची माहिती मुलांना स्वतःला आहे का, एवढं नातेवाईकांनी नक्की बघा.

आईच्या हक्काबद्दल एक केस सांगायलाच पाहिजे. गीता हरिहरन या लेखिका. १९८४ साली त्यांनी आपल्या लहान मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतःची सही केली, आणि अर्ज परत आला की वडलांची सही आणा. कायद्यात लिहिलं होतं पालक म्हणजे बाप, आणि त्याच्यानंतर आई. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला की बाप मेल्यावरच आईचा नंबर लागतो असं नाही, बाप लक्ष देत नसेल, जवळ नसेल, आजारी असेल तर आई त्याच्या हयातीतसुद्धा नैसर्गिक पालक आहे. नवरा सुरतेला कामाला गेला आणि परत फिरकलाच नाही, अशा किती बाया आपल्या भागात आहेत. कोणी खिडकीवर अडवलं तर हा निकाल सांगा, घाबरू नका.

नंदुरबारकडे, साक्री-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात, भिल्ल, पावरा, कोकणा वस्तीत अजून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे कोर्टाचं काम १८९० च्या कायद्यानं चालतं आणि जमिनीला महसूल कायद्याचं वेगळं संरक्षण आहे, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय जात नाही. म्हणून तिथे वकील करताना त्याला आधी विचारा, साहेब कुठल्या कायद्याखाली अर्ज करताय.

१८ पूर्ण झाले की तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करून अ.पा.क. शेरा कमी करून घ्यायचा असतो, ऑनलाईन ई-हक्कवरूनही होतो. पोरगं तिशीचं होतं तरी शेरा तसाच राहतो आणि मग पीककर्जाच्या वेळी धावपळ होते.

पण काही घरांत १८ वं वर्ष म्हणजे खरी काळजी सुरू होते.

पारोळ्याजवळच्या एका गावात आम्ही एका मावशींना भेटलो. मुलगा चोविशीतला, सेरेब्रल पाल्सी आहे, बोलतो पण समजायला वेळ लागतो. सकाळी त्या त्याची दाढी करतात, कळण्याची भाकर कुस्करून दुधात भिजवतात, चमचा त्याच्या हातात देतात आणि हात आपल्या हातात धरतात, कारण त्याला स्वतः खाल्ल्यासारखं वाटलं पाहिजे. वडील झेडपीचे शिक्षक होते, वारले. मावशी एकच वाक्य बोलल्या, "आमना मांगे याले कोन दखी?" आमच्या मागे याला कोण बघणार.

मावशींना हे कोणी सांगितलंच नव्हतं की मुलगा १८ चा झाला त्या दिवशी कायद्यानं त्यांचं पालकत्व संपलं. आई त्या आहेतच, पण त्याच्या बँक खात्यावर, पेन्शनच्या कागदावर, जमिनीच्या हिश्श्यावर त्यांची सही चालत नाही, आणि त्याची तर घेतच नाहीत. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता, या चार गटांसाठी. इथे कोर्टात जायची गरज नाही, प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्यात एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईबाप अर्ज करतात, स्वतःचं नाव देऊ शकतात किंवा त्यांना भरवसा आहे अशा दुसऱ्या माणसाचं. ते नसतील तर भावंडं, नातेवाईक. समितीनं बघायचं असतं की याला खरंच पालकाची गरज आहे का, आणि कोणत्या कामासाठी आहे. नेमल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. या समितीचं प्रमाणपत्र बँकेत चालतं, तसं रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलेलं आहे, तरी शाखेत कोणी नाही म्हणालं तर लेखी मागा.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अजून पुढे जातो. तो मर्यादित पालकाची गोष्ट करतो, म्हणजे ठराविक निर्णयापुरता, ठराविक काळापुरता पालक, आणि त्यानंही त्या माणसाशी बोलून, त्याची इच्छा समजून घेऊन निर्णय करायचा. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. या मुलाला आम्ही विचारलं, आईनंतर कोणाकडे राहशील, तर त्यानं वेळ घेतला, मान फिरवली आणि चुलत बहिणीचं नाव घेतलं, दोनदा घेतलं. त्याला कळतं. त्याला विचारायला पाहिजे. मावशींनी अर्ज भरायला घेतलाय, पुतणीचं नाव त्यात येणार आहे.

ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया आहे, त्यांना या समितीचा उपयोग नाही, तो आजार त्या कायद्यात येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं नामनिर्देशित प्रतिनिधी दिला, पण तो उपचाराच्या निर्णयात मदत करायला, शेती-बँकेच्या व्यवहाराला नाही. जुन्या १९८७ च्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, नव्यात ती आलीच नाही.

आणि कोमा. घरातला कर्ता माणूस ब्रेन हॅमरेजनं आडवा पडतो, श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, आयसीयूचं बिल रोज वाढतंय, पैसे त्याच्याच खात्यात आहेत आणि बायको काढू शकत नाही. आधी करून ठेवलेलं मुखत्यारपत्रसुद्धा माणसाची समज गेली की कायद्यानं संपतं. कोमातल्या माणसासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, म्हणून घरच्यांना हायकोर्टात रिट करावी लागते, हायकोर्टं आपल्या खास अधिकारात बायकोला, मुलाला पालक नेमतात, केरळ हायकोर्टानं २०१९ मध्ये त्याची पद्धत घालून दिली, मुंबई हायकोर्टानंही असे आदेश दिलेत. खान्देशासाठी हायकोर्ट म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाईनं नवऱ्याला दवाखान्यात सोडून तिथे वकील शोधायचा, मेडिकल बोर्डाचा रिपोर्ट, मालमत्तेची यादी, बाकी वारसांची संमती गोळा करायची, आणि तोवर बिल कोण भरणार?

हा अधिकार जिल्हा कोर्टाला कायद्यानंच द्यायला पाहिजे, सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा तपासणी अहवाल घेऊन, हिशोबाच्या अटीसकट, आणि तातडीच्या खर्चासाठी आठवड्याच्या आत आदेश मिळेल असा. आपल्या खासदाराला, आमदाराला भेटाल तेव्हा रस्त्याच्या निवेदनाबरोबर हेही एक निवेदन द्या. आणि तोपर्यंत आज घरी एवढं करा, नवराबायकोचं खातं जॉइंट आहे का आणि दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतात असंच आहे का, ते पासबुकवर बघून घ्या, नसेल तर दोघं मिळून बँकेत जा.