स्नायूला फक्त ओढता येतं

मित्रहो, बसल्या बसल्या एक गोष्ट करून पाहा. उजव्या हाताचा तळवा डाव्या दंडावर पुढच्या बाजूनं ठेवा आणि डावा हात कोपरात वाकवा. तळव्याखालचा भाग फुगतो, टणक होतो. तो बायसेप्स. आता उजवा तळवा दंडाच्या मागच्या बाजूला न्या आणि डाव्या हातानं समोरच्या खुर्चीची पाठ जोरात ढकला. आता टणक झाला तो मागचा ट्रायसेप्स. म्हणजे खुर्ची ढकलली खरी, पण ट्रायसेप्सनं स्वतः काय केलं? तो आखडला, त्यानं कोपरामागचं हाड आपल्याकडे ओढलं आणि त्यामुळे हात सरळ झाला. आपल्या शरीरात सहाशेहून अधिक ऐच्छिक स्नायू आहेत आणि त्यांतल्या एकालाही ढकलता येत नाही.

म्हणूनच सांध्यावर स्नायू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना बसवलेले असतात. एकानं हाड एकीकडे ओढायचं, दुसऱ्यानं परत आणायचं. पण यात एक अट आहे. एक ओढत असताना दुसऱ्यानं सोडलं पाहिजे. स्नायू आखडतो कसा, हे सगळे विचारतात. तो सोडतो कसा, हे फार कमी लोक विचारतात. मला आज मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी रचना पाहू. स्नायू दोन्ही टोकांना कंडरांनी, म्हणजे दोरीसारख्या चिवट पट्ट्यांनी, हाडांशी जोडलेला असतो. तो आडवा कापला तर आत तंतूंच्या जुड्या दिसतात. त्यातला प्रत्येक तंतू ही एकच पेशी, केसाइतकी किंवा त्याहून बारीक, पण कित्येक सेंटीमीटर लांब. एवढ्या लांब पेशीला एक केंद्रक पुरत नाही, तिच्यात शेकडो असतात. या तंतूच्या आत आणखी बारीक तंतुक आणि तंतुकांत एकापुढे एक ओळीनं लावलेले सार्कोमिअर. सार्कोमिअर हा स्नायूचा काम करणारा सर्वांत लहान एकक. त्याची लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये जवळपास 4000 सार्कोमिअर बसतात.

प्रत्येक सार्कोमिअरमध्ये प्रथिनांचे दोन प्रकारचे धागे असतात. मध्ये मायोसिनचे जाड आणि दोन्ही टोकांकडून आत आलेले ॲक्टिनचे बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूवर जे गडद-फिकट पट्टे दिसतात ते याच मांडणीमुळे. हे पट्टे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होते. 1954 साली त्यांतून उत्तर निघालं. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं. स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही, फक्त फिकट पट्टा अरुंद होतो, असं दोघांनाही दिसलं. याचा अर्थ हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. मला हा निष्कर्ष अतिशय सुंदर वाटतो. आखडणाऱ्या स्नायूच्या आत आखडणारं काहीच नाही!

हे सरकणं घडवतात मायोसिनची डोकी, म्हणजे जाड धाग्यातून बाहेर आलेली टोकं. डोकं ॲक्टिनला पकडतं, वाकतं, त्याला सुमारे दहा नॅनोमीटर आत खेचतं, सोडतं आणि पुढे जाऊन पुन्हा पकडतं. दोरावर हात बदलत बदलत रस्सी खेचणाऱ्या गड्यासारखं. एक सार्कोमिअर अर्धा मायक्रोमीटर आखडला तर ते नगण्य वाटतं. पण ओळीतले सगळे एकदम आखडले की दहा सेंटीमीटरचा तंतू दोन सेंटीमीटरनं कमी होतो. बायसेप्सची कंडरा कोपरापासून साधारण चारच सेंटीमीटरवर हाडाला जोडलेली आहे, त्यामुळे त्या दोन सेंटीमीटरमध्ये तळहात आठ-नऊ पट अंतर कापतो. याची किंमतही तितकीच आहे. हातात पाच किलो वजन धरलं की बायसेप्सला चाळीस किलोंच्या पुढे ताण द्यावा लागतो. शरीरानं इथे ताकद खर्च करून वेग आणि पल्ला मिळवला आहे.

आता सोडण्याकडे येऊ. मायोसिनचं डोकं खेचून झाल्यावर ॲक्टिनला तसंच चिकटून राहतं. एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, नवा रेणू येऊन त्याला बसला, तरच पकड सुटते. म्हणजे एटीपी आधी सोडवण्यासाठी लागतो. मग तो फुटतो आणि त्या ऊर्जेनं डोकं पुढच्या खेचीसाठी सज्ज होतं. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरतं ते यामुळेच. एटीपी संपलेला असतो, डोकी जिथल्या तिथे अडकतात. पुढे प्रथिनंच विघटित होऊ लागली की हा ताठरपणा जातो.

सोडण्याचा दुसरा खर्च कॅल्शियमचा. मेंदूचा आदेश चेतापेशीतून येतो, तिच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन स्रवतं, तंतूवर विद्युतलहर पसरते आणि आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर पडतं. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटलं की ॲक्टिनवरचा ट्रोपोमायोसिन या दुसऱ्या प्रथिनाचा पडदा बाजूला होतो आणि डोक्यांना पकडायला जागा मिळते. आदेश थांबला तरी कॅल्शियम आपोआप परत जात नाही. पंप चालवून ते पिशव्यांत भरावं लागतं आणि त्या पंपालाही एटीपीच हवा. स्नायू सैल पडणं म्हणजे काही न करणं, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

आदेश किती तंतूंना मिळतो, हेही महत्त्वाचं. डोळा हलवणाऱ्या स्नायूत एक चेतापेशी दहा-वीस तंतूंनाच सांभाळते, पोटरीत हजाराहून अधिक. नजर इतकी बारीक वळते ती त्यामुळे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दंड फारसा वाढत नाही. तेव्हा मज्जासंस्था अधिक तंतूंना एकत्र कामाला लावायला शिकत असते.

शेवटी एक प्रश्न, जो नेहमी विचारला जातो. डोंगर चढताना दम लागतो, मग दुसऱ्या दिवशी मांड्या उतरण्यामुळे का दुखतात? उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ओढत असतो, पण शरीराच्या वजनामुळे त्याच वेळी लांबही होत असतो. डोकी पकडून ठेवतात आणि ती पकड जबरदस्तीनं तोडली जाते. अशा कामात ऊर्जा कमी लागते, ताण मात्र जास्त पडतो आणि काही सार्कोमिअर फाटतात. दुखणं एक ते तीन दिवसांत वाढतं. लॅक्टिक आम्लाला त्याचा दोष देऊ नका, ते तासा-दोन तासांतच निघून गेलेलं असतं. दोन आठवड्यांनी तोच डोंगर पुन्हा उतरा, दुखणं बरंच कमी असेल.