दहापैकी किती?

(दृश्य: नंदनवन, नागपूर. मे महिन्यातली सकाळ. व्हरांड्यात कूलर, बाजूला नळ.)

कूलरची टाकी भरायला आठ-दहा बादल्या लागतात. गेल्या उन्हाळ्यापर्यंत हे काकाजी त्या न थांबता आणत होते. यंदा तिसऱ्या बादलीनंतर ते ओट्यावर टेकतात. ‘दम लागून राहिला,’ एवढंच म्हणतात.

काकाजींना हार्ट फेल्युअर आहे. हृदय चालू आहे, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलायची त्याची ताकद कमी झाली आहे. त्यामुळे अंगात पाणी साचतं, कधी पायांत, कधी पोटात, कधी फुप्फुसांत. यामागे जुना हार्ट अटॅक असतो, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं ब्लड प्रेशर असतं, कधी झडपेचा आजार असतो. आणि आपल्याकडे हे दुखणं लवकर गाठतं. केरळच्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत १२०५ रुग्णांची नोंद झाली, त्यांचं सरासरी वय ६१ च्या आसपास होतं. म्हणजे घर चालवणारी, दुकानात बसणारी, नातवंडं सांभाळणारी माणसं.

(दृश्य: ओपीडीबाहेरची रांग. हातात फाइल, एक्स-रेची पिशवी.)

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूरपासून ते छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. पहाटेची गाडी पकडून आलेल्या माणसाला डॉक्टरांसमोर मिळतात ती काही मिनिटं. त्या मिनिटांत बरंच काही मोजलं जातं. बीपी, नाडी, वजन. टूडी इकोवर हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे ते कळतं. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, तेही एका सरळ कॉरिडॉरमध्ये मोजता येतं. किती श्रमांवर दम लागतो, यावरून रुग्णांचे चार वर्ग पाडायची न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची पद्धत १९२८ पासून चालत आली आहे. काकाजींची तिसरी बादली तिथे बरोबर बसते.

एक गोष्ट मात्र मोजायची राहून जाते. या माणसाला स्वतःच्या शरीराची काळजी घेणं कितपत मोलाचं वाटतं?

ती न मोजताच आपण निकाल देऊन टाकतो. फाइलवर ओळ येते, ‘पथ्य पाळत नाही’. या ओळीवर माझा राग आहे. त्या माणसाला पथ्य महत्त्वाचंच वाटत नाही, की महत्त्वाचं वाटूनही जमत नाही, हे त्या ओळीतून कळत नाही. आणि या दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी असते.

रुग्ण काय करतो, हे मोजण्याच्या प्रश्नावल्या चांगल्या आहेत. युरोपात २००३ मध्ये हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी १२ विधानांची एक प्रश्नावली आली, पुढे ती ९ विधानांवर आणली गेली. ‘मी रोज वजन करतो’, ‘मी कमी मीठ खातो’, ‘मी नियमित व्यायाम करतो’ अशी ती विधानं आहेत. जगभर ती वापरली जाते आणि उपयोगीही आहे. पण ती वागणं विचारते. त्या वागण्यामागे मोल किती आहे, हा तिचा प्रश्नच नाही.

तो प्रश्न मानसशास्त्रातून आला. केली विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रश्नावलीत आयुष्याची दहा क्षेत्रं मांडली आहेत. कुटुंब, जोडीदार, मुलं, मित्र, काम, शिक्षण, करमणूक, अध्यात्म, समाज. आणि दहावं, शरीराची निगा, म्हणजे आहार, व्यायाम, झोप. प्रत्येक क्षेत्राबद्दल दोन प्रश्न आहेत. हे तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, एक ते दहापैकी सांगा. आणि गेल्या आठवड्यात तुम्ही त्याला धरून किती वागलात, तेही एक ते दहापैकी सांगा.

(दृश्य: घराची ओसरी. एक नर्स, समोर साठीच्या काकू, हार्ट फेल्युअरच्याच रुग्ण. मध्ये दहा चिंचोके.)

ज्यांनी कधी कागदावर गुण दिले नाहीत, त्यांना दहापैकी किती हे तोंडी सांगणं अवघड जातं. म्हणून हे चिंचोके.

‘काकू, घरच्या लोकांसाठी किती ठेवाल?’
काकूंनी दहाच्या दहा पुढे सरकवले.
‘आणि तुमच्या स्वतःच्या तब्येतीसाठी?’
तीन.
‘माह्या जिवाचं काय घेऊन बसली बाई. पोरांचं निघालं पाहिजे.’

काकूंचे पाय सुजले आहेत. जोडवी घट्ट होतात, आडवं पडलं की दम लागतो म्हणून रात्री दोन उशा लागतात. गोळी मात्र त्या चुकवत नाहीत. सून सकाळी पाण्याच्या पेल्यासोबत ती हातावर ठेवते, वरणात मीठ कमी घालते, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवते. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला, गेल्या आठवड्यात पथ्याला धरून किती वागलात याला, काकू दहा चिंचोके ठेवतात.

आता नंदनवनातले काकाजी. त्यांना तब्येत दहापैकी दहा महत्त्वाची वाटते. पोरीचं लग्न व्हायचं आहे. पण गेल्या आठवड्याचे गुण ते तीन देतात. दुकानावर बसल्यावर दुपारी हातात येतो तो समोरच्या ठेल्यावरचा तर्री पोहा, वर शेव. पाहुणे आले की सावजी. संध्याकाळी चालायचं ठरवतात, तर रस्ता तापलेला.

मूळ पद्धतीत प्रत्येक क्षेत्राच्या दोन आकड्यांचा गुणाकार करतात. दहा क्षेत्रांचे गुणाकार काढले की त्यांची सरासरी. आता काकूंचा गुणाकार करा, तीन गुणिले दहा, तीस. काकाजींचा करा, दहा गुणिले तीन, तीस. कागदावर दोघं सारखी दिसतात! माझं स्पष्ट मत आहे की दवाखान्यात हे दोन आकडे कधीही एकत्र करू नयेत. काकूंचं पथ्य सुनेच्या हाती आहे. ती आठ दिवस माहेरी गेली, तर त्या दहाचं काय होईल सांगता येत नाही. काकाजींना तब्येतीचं महत्त्व पटवून द्यायला बसणं म्हणजे त्यांना माहीत असलेलंच पुन्हा ऐकवणं. त्यांना हवा आहे दुकानावर नेता येईल असा डबा आणि चालायला सावलीची वेळ.

मोल असूनही वागणं मागे राहतं, हे मोठ्या अभ्यासांतही दिसलं आहे. हार्ट फेल्युअरमधल्या व्यायामावरच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएफ-ॲक्शन या चाचणीत २३३१ रुग्ण होते. पंपिंग कमी असलेल्यांनाही देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित आहे, आणि त्याने रोजचं जगणं थोडं सुधारतं, असं तीत आढळलं. तरीही ठरवून दिलेला व्यायाम पुरता पाळणारे थोडेच निघाले. आणि हे तर स्वतःहून चाचणीत आलेले लोक होते.

मिठाबद्दलही प्रामाणिक बोलायला हवं. २०२२ च्या सोडियम-एचएफ चाचणीत ८०६ रुग्ण होते. त्यातल्या अर्ध्यांना रोजचं सोडियम, म्हणजे मुख्यतः मिठातून पोटात जाणारं, १५०० मिलिग्रॅमच्या खाली आणायला सांगितलं होतं. मृत्यू किंवा दवाखान्यात भरती होणं त्यामुळे लक्षणीय कमी झालं नाही. जगण्याचा दर्जा किंचित सुधारला. पापड, लोणचं, शेव, चिवडा यांना आवर घालायलाच हवा. पण अळणी भाताकडे पाहून जेवणावरची वासनाच उडावी इतकं घाबरवू नये. जे पथ्य जाचाचं होतं, त्याला माणूस मनातून फार मोल देत नाही.

(दृश्य: दुपार. बर्डीचा ओस रस्ता.)

नागपूरच्या उन्हाळ्यात तर हा प्रश्न जिवाशी येतो. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. काही हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं, वर लघवीची गोळी सुरू असते. बाहेर असं ऊन, अंगातून घाम. कमी प्यावं तर चक्कर येते, बीपी पडतं, किडनीवर ताण येतो. जास्त प्यावं तर पाणी साचायची भीती. इथे स्वतःची काळजी घेणं म्हणजे रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करणं आणि ते लिहून ठेवणं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, तर दवाखान्यात कळवायचं. भराभर उतरलं, चक्कर येऊ लागली, तरीही कळवायचं. गोळीचा डोस मनानं बदलायचा नाही. घरी काटा नसेल तर चपलेचा पट्टा, जोडवी आणि उशांची संख्या यांवर लक्ष ठेवायचं.

आणखी एक अडचण. डॉक्टरांसमोर विचारलं की बहुतेक जण दहाच सांगतात. मोठ्या माणसापुढे ‘मला तब्येतीचं फारसं काही वाटत नाही’ असं कोण म्हणेल? सोबतचा मुलगा तर वडिलांच्या आधी उत्तर देतो. म्हणून हे प्रश्न नर्सने किंवा समुपदेशकाने, रुग्ण एकटा असताना, निवांत विचारावेत. आधी कुटुंब, काम, देवधर्म विचारावं, शरीर शेवटी. तब्येतीला तीनच का, हा प्रश्न काकूंना विचारू नये, तो मनाला लागतो. नर्सने उलटं विचारलं.

‘काकू, तीन ठेवले. एकच का नाही ठेवला?’

काकू थांबल्या. मग म्हणाल्या, ‘एक कसा ठेवू? दिवाळीत नात येते. तिले कडेवर घ्या लागते ना.’

आता काकूंच्या वहीत दर रविवारी वजनाशेजारी दोन आकडे लिहिले जातील, महत्त्व किती आणि वागणं किती. पहिला आकडा तीनाचा चार होतो का, हे पुढच्या भेटीत पाहायचं. आणि गोळीची डबी या आठवड्यापासून सुनेच्या नाही, काकूंच्याच उशाशी राहणार आहे.