उन्हाचं अत्तर

(दृश्य: मे महिना, पहाट. महाराजबागेची वाट. लांबून मोराची केका.)

पहाटेचे साडेपाच. मे महिन्यात नागपुरात माणसानं बाहेर पडावं अशी हीच काय ती वेळ. आणखी काही तासांनी पारा ४५ कडे सरकेल आणि ज्याला गत्यंतर नाही तोच तोंडाला दुपट्टा गुंडाळून रस्त्यावर दिसेल.

ही महाराजबाग. नावातले महाराज म्हणजे नागपूरकर भोसले. त्यांची बाग पुढे सरकारजमा झाली, १८९४ साली इथं प्राणिसंग्रहालय आलं, १९०६ साली नागपुरात कृषी महाविद्यालय निघालं आणि बाग त्याच्या ताब्यात गेली. नागपूरच्या कुठल्याही पोराला विचारा, महाराजबाग म्हणजे वाघ, अस्वल आणि झोके. झाडांसाठी इथं फार कोणी येत नाही. झाडं हुंगायला तर नाहीच.

आम्ही त्यासाठी आलोय. आणि आधीच कबूल करून टाकतो: या फिल्मचा नायक तुम्हाला दिसणार नाही, ऐकूही येणार नाही. कॅमेरा चांगला आहे, भाडंही भरपूर पडलंय. पण त्याला नाक नाही.

(दृश्य: मोगऱ्याची फुलं, अगदी जवळून.)

मोगऱ्यापासून सुरुवात करू. ही फुलं काल संध्याकाळी उमलली. रात्रभर दरवळली, कारण त्यांचं गिऱ्हाईक रात्री फिरतं. अंधारात पतंगाला रंग काय कामाचा? म्हणून रात्री उमलणारी फुलं बहुधा पांढरी आणि वासाची. रातराणी घ्या, पारिजातक घ्या, बुचाची फुलं घ्या. वास म्हणजे तरी काय, पाकळीनं तयार केलेली हलकी तेलं. ती हवेत उडतात. एकदा ऊन चढलं की भराभरा उडतात आणि दुपारी फूल रितं होतं.

मोगऱ्याची आणखी एक खोड आहे. तोडला तरी तो वास तयार करत राहतो. सकाळी खुडलेली कळी गजऱ्यात ओवली जाते आणि संध्याकाळी कुणाच्या तरी केसांत उमलते. जुन्या गंधींनी, म्हणजे अत्तरं करणाऱ्यांनी, हे नेमकं हेरलं होतं. फुलं उकळायची नाहीत. सोललेल्या तिळांचा एक थर, वर मोगऱ्या-चमेलीचा एक थर. फुलं शिळी झाली की काढायची, ताजी घालायची. तीळ वास पीत राहतात. मग ते तीळ घाण्याला लावायचे आणि जे निघतं ते फुलेल तेल.

(दृश्य: हातात चुरडलेली पानं. तुळस, गवती चहा, संत्र्याचं पान.)

फुलाचा वास आमंत्रण असतो. पानाचा मात्र बहुतेक वेळा दटावणी. तुळशीचं पान नुसतं पाहून वास येत नाही, ते चुरडावं लागतं. कारण तो वास चावणाऱ्या किड्यासाठी राखून ठेवलेला आहे. आपण त्याचा चहा करतो, हा त्या झाडाचा पराभव म्हणायचा की विजय, कोण जाणे. गवती चहाची गंमत तर अजून पुढची. त्याच्या तेलातल्या सिट्राल या द्रव्यापासून १८९३ साली जर्मनीत आयोनोन नावाचं रसायन बनवलं गेलं आणि त्याला वास आला व्हायोलेटच्या फुलाचा. युरोपातल्या बायका व्हायोलेट म्हणून जे लावत होत्या, त्याचं मूळ बऱ्याचदा मलबारच्या गवतात होतं.

सुगंध आणि दुर्गंध हा भेद आपला. झाडाला त्याचं सोयरसुतक नाही. जंगली सूरण फुलतो तेव्हा सडक्या मांसाचा वास सोडतो, आणि तो लांबवर जावा म्हणून स्वतःचा दांडा चक्क तापवतो. त्याला फुलपाखरू नको आहे, माशी हवी आहे.

(दृश्य: संत्र्याची बाग. काळी जमीन, भेगा.)

आता आपल्या घरचा वास. संत्रं. अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून आणलं असं सांगतात, आणि काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या काळ्या मातीनं ते आपलं करून टाकलं. २०१४ साली नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. साल सोलताना डोळ्यांत उडतो तो फवारा म्हणजे सालीतल्या तेलाच्या पिशव्या फुटलेल्या, आणि त्या तेलात ९० टक्क्यांच्या वर एकटं लिमोनिन नावाचं द्रव्य.

पण संत्र्याचा खरा वास सालीत नाही, बहारात, म्हणजे फुलोऱ्यात आहे. त्यासाठी बागायतदार जे करतो ते बाहेरच्याला क्रूर वाटेल. तो झाडाचं पाणी तोडतो. याला ताण देणं म्हणतात. अंबिया बहार धरायचा तर डिसेंबरपासून बाग तहानलेली ठेवायची, पानं मलूल होऊ द्यायची, आणि जानेवारीत पाणी सोडायचं. मग जानेवारी-फेब्रुवारीत झाडं पांढरी होतात. काटोल रोडनं रात्री गाडीच्या काचा खाली करून जा. पाणी आधी दिलं असतं तर त्या झाडावर नुसता पाला वाढला असता.

(दृश्य: डोंगरउतार, वाळलेलं उंच गवत.)

हे गवत पाहून घ्या. याला तुम्ही हजारदा पाहिलंय आणि गवत म्हणून सोडून दिलंय. मराठीत तिखाडी किंवा रोशा, व्यापाऱ्यांच्या भाषेत पामरोसा. खानदेश, निमाड आणि वऱ्हाडाच्या डोंगरउतारांवर ते आपसूक वाढतं. शास्त्रीय नावात त्याच्या मागे लखनौच्या जनरल क्लॉड मार्टिनचं नाव लागलंय. टिपूशी झालेल्या लढाईच्या धामधुमीत या गृहस्थांनी याचं बी गोळा केलं होतं. माणसं लढाईतून काय काय आणतात.

पावसाळा सरला, गवत तुऱ्यावर आलं की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या हंड्यात गवत कोंबायचं, खाली जाळ, वाफ थंड पाण्यातून न्यायची आणि वर तरंगलेलं तेल काढायचं. हे तेल मुंबईला जाई, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांना आणि शेवटी कॉन्स्टँटिनोपलला. तिथं ते लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळून उन्हात ठेवत, म्हणजे गवताचा उग्रपणा जाई. मग ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. कारण जिरेनिऑल हे सुगंधी द्रव्य दोन्हींत असतं. भेसळ अशी बेमालूम की युरोपात या तेलाचं नावच तुर्की जिरेनियम पडलं. ते तुर्की नव्हतं आणि जिरेनियमचंही नव्हतं. म्हणजे कुणा फ्रेंच उमरावानं रुमालाला लावलेल्या गुलाबात आपल्या सातपुड्याचं गवत असण्याची शक्यता चांगलीच आहे. आम्हाला तरी हे कळल्यावर उगाचच छाती फुगल्यासारखी वाटली.

रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला सख्खे भाऊ. सोफिया ओलसर, सखल जागी वाढतो आणि त्याचं तेल हलक्या प्रतीचं. मोतियाला उघडा, कोरडा, उन्हाचा उतार लागतो. भाव मोतियाला.

(दृश्य: अत्तराच्या कुप्या, कापसाचा फाया.)

मोमिनपुऱ्यात किंवा ताजबागेच्या उरुसात अत्तराचा फाया कानात सारून घेताना आपण फार जुन्या हिशेबात हात घालत असतो. हिशेब शब्दशः. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती नावाचा अध्याय आहे. त्यात तो १६ सुगंधी द्रव्यांतून कोणतीही ४ निवडण्याचे प्रकार मोजतो: १८२०. शाळेत हेच गणित आम्हाला लाल-निळ्या गोट्यांवर शिकवलं. कापूर-कस्तुरीवर शिकवलं असतं तर मार्क कदाचित बरे पडले असते.

गुलाबाच्या अत्तराचं श्रेय सगळे नूरजहाँला देतात. जहांगीरनं स्वतः मात्र ते सासूला दिलंय. नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत असताना गरम पाण्यावर आलेली साय तिनं गोळा केली, असं तो आठवणींत लिहितो. जावयानं सासूचं इतकं मोकळं कौतुक केल्याची उदाहरणं इतिहासात फार नाहीत.

कनौजचे कारागीर आजही तांब्याच्या देगेत फुलं उकळतात. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती झेलणाऱ्या भांड्यात उतरते आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. ते फुलाला धरून ठेवतं. चंदन महागल्यापासून बऱ्याच ठिकाणी तिथं पॅराफिन आलंय. चंदनाचं झाड तसं स्वतःच उधारीवर जगणारं, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांतून रस ओढतात. वास फक्त गाभ्याला, आणि गाभा धरायला वर्षानुवर्षं लागतात. चोराला करवत घेऊन एक रात्र पुरते.

(दृश्य: पेंचकडचं जंगल. मोहाखाली पडलेली फुलं.)

मोहाचा वास तुम्हाला सांगायची गरज नाही. मात्र मोहाच्या फुलात एक रेणू सापडतो, तोच सुवासिक तांदळातही असतो, आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोरच्या भातात वाफेबरोबर येतो तो. आणि संशोधक ब्रह्मचारी यांना तोच रेणू वाघाच्या मुतात सापडला. वाघ झाडावर फवारा मारून हद्द आखतो, त्याला ताज्या भातासारखा वास येतो. पेंच-ताडोब्याला जाऊन आलेल्या मंडळींनी यापुढे नाक उघडं ठेवावं.

(दृश्य: एप्रिलमधला बाजार. वाळ्याच्या जुड्या. गच्चीवर कूलर धुणारा माणूस.)

परत शहरात. नागपूरचा उन्हाळा कॅलेंडरवर सुरू होत नाही. कूलर माळ्यावरून उतरवला, त्याच्या जाळीत वाळा भरला आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की सुरू होतो. वाळा हे मूळ आहे, एका गवताचं मूळ. त्याची तेलं जड असतात, मोगऱ्यासारखी पटकन उडून जात नाहीत. म्हणून वाळला की गप्प, भिजवला की पुन्हा बोलू लागतो, असं सबंध उन्हाळाभर. आमची आजी माठात वाळ्याची पुरचुंडी सोडायची आणि ते पाणी पाहुण्याला द्यायच्या आधी स्वतः एक घोट घ्यायची. चव पाहते म्हणायची. आम्हाला तेव्हाही ते खरं वाटायचं नाही.

आता कूलरमध्ये लाकडाच्या भुशासारखी गवती पॅड येतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कागदी पॅड येतात. स्वस्त पडतात, टिकतात. पाणी सोडलं की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

(दृश्य: जून. रामटेकचा डोंगर. आकाशात ढग.)

शेवटचा वास कोणत्याही फुलाचा नाही. त्यासाठी आम्ही तीन दिवस रामटेकला मुक्काम ठोकला. संस्कृतचे पंडित वासुदेव विष्णु मिराशी यांनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं ठामपणे मांडलं. इथला यक्ष ढगाचं स्वागत कुड्याच्या ताज्या फुलांनी करतो, आणि कुडा या टेकड्यांवर आजही आहे. पण त्याच काव्यात पुढे एक जागा आहे, तिथं वणव्यात जळालेल्या रानात पहिल्या सरीनं मातीचा वास अधिकच उसळतो आणि हरणं तो हुंगत ढगाची वाट दाखवतात.

या वासाला शास्त्रात नाव मिळालं १९६४ साली. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ते दिलं, पेट्रिकोर. कोरड्या दिवसांत झाडांची तेलं माती आणि दगडात मुरत राहतात, पाण्यानं ती मोकळी होतात. सोबत मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं, ते आपलं नाक अब्जांशाहूनही कमी प्रमाणात ओळखतं. पुढे २०१५ साली अमेरिकेतल्या अभियंत्यांनी वेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं की थेंब जमिनीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि फुटताना वास वर उडवतात. मुसळधार पावसात हे फारसं होत नाही. भुरभुर हवी. कनौजवाले हे सगळं माहीत नसताना भाजलेल्या मातीची अत्तरं गाळतच होते.

आता तो क्षण. संध्याकाळचे सव्वापाच, गडाच्या पायऱ्या, वारा पडलेला.

(दृश्य: पडदा काळा. फक्त आवाज.)

पहिला थेंब पडला आणि कॅमेऱ्यावर रेनकोट टाकावा लागला. त्यामुळे पुढचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. हा आवाज मात्र तिथलाच आहे. मध्ये कुणीतरी जोरात श्वास घेतंय, तो आमचा ध्वनिमुद्रक.