वैर खरं हवं

संगमेश्वरात बोलताना शृंगारपूर कुठे आहे हे सांगावं लागत नाही, हे माझं सुख. विषय ठरलाय ‘सरदार घराण्यांतलं वैर आणि प्रेमकादंबरी’. पण आधी माझ्या आजीची गोष्ट.

आजीच्या माहेर-सासरचा बांधावरच्या एका रायवळ आंब्यावरून देवरुखच्या कोर्टात दावा होता. जाणत्यांनी मिटवामिटव म्हणून सोयरीक जुळवली, पण दावा कोणीच मागे घेतला नाही. लग्न झालं आणि तारखाही पडत राहिल्या. आजी सासरी कामापुरतं बोलायची, आजोबांशी तेवढंही नाही. निकाल तिच्या वडिलांच्या बाजूने लागला, त्या दिवशी आजोबा तिन्हीसांजेला चालत घरी आले, पाय धुऊन पाटावर बसले. आजीने भात वाढला, कडेला खारातला आंबा.

‘‘कुठचा?’’

‘‘बांधावरचा.’’

आजोबांनी बाठ चोखून पांढरी केली, पानाच्या कडेला ठेवली. म्हणाले, ‘‘तुझ्या बापाने आंबा चांगला जिंकला.’’ आजी सांगायची, त्या रात्री मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. हसा, हसा! पण यातून दावा काढून टाका आणि ती बाठ उरते का बघा.

हे सांगायचं कारण, माझ्या कादंबरीतली वतनाच्या भांडणाची चाळीस पानं काढा असं एका प्रकाशकांनी सांगितलं. वाचकाला म्हणे प्रेम हवं असतं. मला याचा फार राग आला. इंग्लंडातल्या ड्यूक-अर्लांच्या प्रेमकथा मी आवडीने वाचते. नाचाच्या दिवाणखान्यात अपमान होतो, शेवटी लग्न. पण चांगल्या कथेत त्या अपमानाखाली मिळकत असते. इस्टेट थोरल्या मुलाला, मुलीच्या वाट्याला हुंडा. 1870 आणि 1882 चे कायदे येईपर्यंत तिथे लग्न झालं की बाईची बरीचशी मिळकत नवऱ्याच्या हाती जायची. अशा वेळी ज्याच्याशी पटत नाही त्यालाच होकार द्यायचा, म्हणजे तिने सगळंच डावावर लावलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत. तर मुख्य मुद्दा भराभर सांगते. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतलं, तिथले राजे सुर्वे पळाले, त्यांचे कारभारी पिलाजी शिर्के महाराजांना मिळाले. मग साटंलोटं झालं. शिर्क्यांची येसूबाई संभाजीराजांना, महाराजांची राजकुंवर गणोजी शिर्क्यांना. लग्नांनी वैर मिटलं का? नाही. गणोजी पुढे मोगलांकडे गेले. 1689 मध्ये संभाजीराजे इथेच, या संगमेश्वरात पकडले गेले. येसूबाईंनी राजारामांना रायगडाबाहेर काढलं आणि स्वतः मुलासह गडावर राहिल्या. गड पडला, कैद झाली. सुटून परत यायला 1719 उजाडलं. त्यांच्या मुद्रेवर शब्द होते, ‘श्री सखी राज्ञी जयति’. राज्ञीच्या आधी सखी! वैर पुन्हा उफाळलं, सख्खा भाऊ पलीकडे गेला, तेव्हा बाई कुठे उभी राहिली? माझ्या लेखी प्रेमकथा तिथे सुरू होते, मंडपात नाही.

माझी नायिका येसूबाई नव्हे. शास्त्री नदीच्या दोन काठांवरची दोन देशमुख घराणी मी कल्पनेने उभी केली आहेत. हस्तलिखित आता दुसऱ्या प्रकाशकांकडे आहे. चाळीसच्या चाळीस पानं ठेवली आहेत, आणि त्यांत तो बांधावरचा आंबाही आहे.