पेच कसा रचावा: भूमिकाखेळ चालवणाऱ्यांसाठी मराठवाड्याचे भांडार

वाचकहो आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आपल्यापैकी काही जण टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिकाखेळ नियमित खेळतात, तर काहींनी ते अद्याप पाहिलेलेही नाहीत. म्हणून आधी थोडक्यात त्यांचे स्वरूप सांगतो. चार-पाच जण एकत्र बसतात, प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि एक जण, ज्याला गेम मास्टर म्हणतात, बाकीचे सारे जग सांभाळतो: त्यातील माणसे, राक्षस, वाटा, ऊनपाऊससुद्धा. आपल्या पात्राने काय करायचे ते खेळाडू ठरवतो आणि निकाल खरोखर अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि तेथून हा प्रकार जगभर पसरला.

गेम मास्टर होऊ पाहणारे तरुण मला नेहमी विचारतात की, कथा कोठून आणायची. माझे उत्तर असे की, कथा आणूच नये; पेच आणावा. कथा लिहून आणली की तिचा शेवटही ठरून जातो, आणि मग खेळाडूंनी वेगळी वाट धरली की त्यांना ओढून मूळ वाटेवर आणण्यातच संध्याकाळ संपते. पेचाला मात्र शेवट नसतो. एक अवघड जागा, तेथे अडकलेली दोन-तीन माणसे, प्रत्येकाची एक निकड आणि हातातून निसटत चाललेला वेळ एवढे जमले की खेळाडू स्वतःच कथा घडवतात, आणि ती कोणत्याही गेम मास्टरने घरी बसून रचलेल्या कथेपेक्षा जिवंत असते. असे पेच शोधण्यासाठी मराठवाड्यातल्या माणसाला परदेशी बर्फाळ डोंगर आणि दगडी मनोरे उसने आणण्याची गरज नाही, हे मला आज सविस्तर मांडायचे आहे.

देवगिरीच्या किल्ल्यापासून सुरुवात करू. टेकडीच्या खालच्या अंगाचे कडे तासून उभे केलेले, पायथ्याशी खंदक, आणि वर जाण्याची वाट खडकाच्या पोटातून, जिला आपण अंधारी म्हणतो. आत पायऱ्या वळत जातात, प्रकाश नसतो. मध्येच उजेडाकडे नेणारी फट दिसते आणि त्या उजेडाकडे धावणारा शत्रू खंदकात पडत असे, असे वाटाडे सांगतात. अंधारीच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून विस्तव पेटवायचा आणि धुराने सारा मार्ग कोंडायचा, अशी संरक्षणाची योजनाही सांगितली जाते. काल्पनिक भुयार रचणाऱ्याने येथे एक गोष्ट नीट पाहावी: या मार्गातला प्रत्येक सापळा माणसाच्या एखाद्या स्वाभाविक ओढीवर बेतलेला आहे. अंधारात माणूस उजेडाकडे जातो, धुरात मागे फिरतो, वळणावर सोबत्याचा हात धरतो. केवळ ‘येथे भाला सुटतो’ असे लिहिलेला सापळा हा फाशांचा हिशेब असतो. उजेडाच्या फटीचा सापळा मात्र खेळाडूला विचार करायला लावतो, कारण पुढे जायचे की नाही हा निर्णय त्याचा स्वतःचा असतो आणि परिणामही त्याच्याच निर्णयाचा असतो. म्हणून मशाल किती वेळ टिकेल, हे अशा जागी गेम मास्टरने उघडपणे सांगावे, कागदावर चौकोन काढून दर खेपेला एकेक खोडावा. ते खोडणे पाहताना टेबलावरची कुजबुज आपोआप कमी होते.

याच किल्ल्याचा इतिहास दुसरा आणि माझ्या मते याहून मोठा धडा देतो. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा यादवांचे मोठे सैन्य युवराजाबरोबर दूर गेले होते. रामदेवराय किल्ल्यात शिरले आणि दरवाजे बंद झाले. घाईघाईत जी पोती धान्याची समजून आत घेतली होती ती मिठाची निघाली, अशी हकिकत फारसी तवारिखांत येते. जो किल्ला शस्त्राने घेता येत नव्हता तो पोत्यांतल्या मालाने हरला. आता हाच प्रसंग खेळात आणून पाहा. नावे बदला, राजा काल्पनिक करा, वेढा घालणारे अजगरस्वार असोत किंवा मृतांची फौज असो. पण पोती तशीच ठेवा. आमच्या टेबलावर एका खेळाडूने, गेम मास्टरने काहीही सुचवलेले नसताना, आपल्या पात्राला कोठारात पाठवले, एका पोत्याची शिवण उसवायला लावली आणि चिमूटभर माल जिभेवर ठेवल्याचे सांगितले. ‘खारट आहे,’ एवढेच उत्तर मिळाले आणि त्यानंतर दीड तास कोणीही तलवारीचे नाव काढले नाही. ही गोष्ट राजाला सांगायची की नाही, सैनिकांना कळली तर काय होईल, पोती पुरवणारा व्यापारी फसला होता की फितूर होता, रात्री बाहेर पडून धान्य कोठून आणायचे, अशा प्रश्नांवर सारा गट भांडत राहिला. पेच म्हणतात तो हा.

प्राचीन काळाकडे वळलो तर पैठण आपल्या मदतीला येते. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’तील वेताळाच्या कथांचा राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो, राजा ते कोठारात टाकत जातो, आणि एके दिवशी माकडाने फळ फोडल्यावर आतून रत्न निघते. त्या उपकाराच्या भाराखाली राजा स्मशानातले प्रेत आणण्याचे काम पत्करतो. प्रेतात वेताळ आहे. तो वाटेत कथा सांगून प्रश्न विचारतो: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल, आणि राजाने तोंड उघडले की वेताळ पुन्हा झाडावर. अखेरीस कळते की, ज्याने काम सांगितले तो भिक्षूच राजाचा बळी द्यायला टपलेला आहे.

गेम मास्टरच्या दृष्टीने या रचनेत किती सामग्री आहे ते पाहा. आधी देणगी, मग उपकाराची जाणीव, मग काम. काम देणाराच वैरी. आणि ज्याचे भय वाटत होते तो वेताळच शेवटी हितचिंतक. पण मला यात सर्वांत मोलाची वाटते ती वेताळाची अट. येथे बरोबर उत्तरालाही किंमत आहे. आधुनिक खेळांतील एका मोठ्या कुळाने नेमके हेच तत्त्व नियमात उतरवले आहे: सहा बाजूंचे दोन साधे फासे टाकायचे, बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम पूर्ण साधले, सात ते नऊ आली तर साधले पण काहीतरी मोजावे लागले, सहा किंवा कमी आली तर संकट ओढवले. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ शक्यता सात ते नऊच्या मधल्या पट्ट्यात पडतात आणि केवळ ६ शक्यता पूर्ण यशाच्या. पात्राच्या कौशल्याचा एक गुण बेरजेत मिळवला की पूर्ण यशाच्या शक्यता ६ वरून १० वर जातात, तरी मधला पट्टा १६ शक्यतांसह सर्वांत रुंद असतो. वीस बाजूंच्या एकाच फाशाने खेळताना मात्र प्रत्येक आकडा सारख्याच संभवाने, म्हणजे शेकडा पाच, पडतो आणि निकाल बहुधा होय किंवा नाही असा तुटक असतो. अशा खेळातही ‘थोडक्यात हुकले तर काम होईल, पण किंमत द्यावी लागेल’ असा नियम गेम मास्टरने जरूर जोडावा. किंमत काय, हे खेळाडूलाच विचारावे. तो स्वतःवर जी आपत्ती ओढवून घेतो ती आपल्याला सुचलेल्या आपत्तीपेक्षा बहुधा अधिक कठोर असते.

जागांची वर्णने कशी लिहावीत यासाठी माझा आग्रह महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’चा आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, त्या जागांचे वर्णन तीत थोडक्या शब्दांत येते: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कोणत्या बाजूला काय आहे. श्रद्धाळू माणसासाठी ते वंदनीय साहित्य आहेच. पण जागा डोळ्यांसमोर उभी करण्यासाठी विशेषणांची नव्हे, दिशांची गरज असते, हे लेखनाच्या विद्यार्थ्यालाही त्यातून शिकता येते. खेळाडूला ‘भव्य आणि गूढ देऊळ’ ऐकून काहीच करता येत नाही. ‘दार पूर्वेला, उत्तरेला विहीर, विहिरीवर वाकलेली चिंच’ ऐकले की कोणीतरी लगेच चिंचेवर चढतो. याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी विसाव्या शतकात सकळ लिपीचा उलगडा केला. आपल्या खेळातील एखाद्या मठाने आपले ज्ञान असेच जपले असेल तर? अक्षरांची अदलाबदल करून एक पान खरोखर हाताने लिहा, ते खेळाडूंपुढे ठेवा आणि किल्लीचे तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे असू द्या. यासाठी खर्च शून्य आहे.

अंतराचेही असेच. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या ग्रीक मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा उल्लेख आहे: भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तेथला माल गाड्यांतून बंदरावर जातो. दहा दिवसांची बैलगाडीची वाट म्हणजे पाण्याचे दहा मुक्काम. त्यांतला एक आटलेला निघाला की खेळ सुरू. आपल्या भागात पाणी हेच खरे धन असल्याने बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, हे आपले सर्वांत नैसर्गिक भुयार आहे. परभणी जिल्ह्यातील चारठाण्यासारख्या गावांत जाऊन एखादी बारव पायरीपायरीने उतरून पाहावी. दुष्काळात पाणी उतरत जाते तशी रोज एक नवी पायरी उघडी पडते, सर्वांत खालच्या कोनाड्यात काय आहे ते गावातल्या एकाच म्हातारीला ठाऊक आहे, आणि पावसाचे ढग पश्चिमेला दिसू लागले आहेत: एवढ्यावर तीन बैठका सहज चालतात.

एका बाबतीत मात्र सांभाळून राहावे. गोंधळी, आराधी, पोतराज, वासुदेव ही आपल्यात राहणारी माणसे आहेत, आणि तुळजापूरची भवानी किंवा माहूरची रेणुका ही लाखो घरांची कुलदैवते आहेत. त्यांना गुणांच्या तक्त्यात बसवून लढाईत उतरवणे मला मान्य नाही. काल्पनिक जगासाठी काल्पनिक दैवत रचावे, आणि पहिल्या बैठकीच्या आधी सर्वांना स्पष्ट विचारावे की खेळात कोणता विषय नको. एखाद्याच्या घरी दुष्काळाची किंवा कर्जाची जखम ताजी असू शकते; ती टेबलावर उघडी पडू नये ही गेम मास्टरची जबाबदारी आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत; श्रेय देऊन त्यांचा अनुवाद करता येतो, त्यांवर स्वतःचे पुस्तकही रचता येते. मराठीत हे काम व्हायला हवे आणि ते येथल्या विद्यार्थ्यांनी करावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. जिल्हा गॅझेटिअर ग्रंथालयांत मिळतात. त्यांतील जुने बाजार, घाट आणि पिके यांची पाने वाचावीत. तेरचे वस्तुसंग्रहालय पाहावे आणि एखाद्या मृण्मूर्तीचे वहीत चित्र काढावे. पुढच्या बैठकीत तीच एखाद्या चोराच्या गाठोड्यात सापडू द्या.

पहिल्या बैठकीसाठी नियमांचे एकच पान पुरे आणि तीन-चार खेळाडू पुरेत. आठवडी बाजाराचा दिवस घ्या. एका माणसाला सूर्यास्ताच्या आत गाव सोडायचे आहे, दुसऱ्याला त्याला अडवायचे आहे, आणि तिसऱ्याच्या गाडीत जे पोते आहे त्यात तो सांगतो ते नाही. या तिघांची नावे, त्यांची निकड आणि बोलण्याची एकेक लकब कागदावर लिहून ठेवा, पात्रांना बाजाराच्या मधोमध उभे करा आणि पहिला प्रश्न विचारा: ‘तुम्ही काय करता?’