दुधाची वही आणि सत्तर कोटी युरो

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘मेस्सी आणि बार्सिलोना: एका कराराचा वाद’ असा छापलेला आहे, आणि छापून आल्यामुळे मला तो पाळणे भाग आहे. या सभागृहात विषयाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही, हे मी जाणतो. विश्वचषकाच्या दिवसांत ज्या शहरातल्या गल्ल्या अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यात वाटल्या जातात, जिथे सख्ख्या भावांचे महिनाभर बोलणे बंद होते, त्या कोल्हापुरात मेस्सी कोण हे सांगणे म्हणजे महाद्वार रोडवर उभे राहून अंबाबाईच्या देवळाचा पत्ता सांगण्यासारखे आहे. तेव्हा मेस्सीकडे मी शेवटी येईन. त्याआधी गेली तीस वर्षे कामगार न्यायालयात वकिली करताना माझ्या डोक्यात घर करून बसलेली एक गोष्ट मला आपल्यापुढे मांडायची आहे.

फुटबॉलपटू सही करतो, तेव्हा तो एका नव्हे, दोन कागदांत अडकतो. पहिला कागद नोकरीचा असतो: इतकी वर्षे खेळेन, इतका पगार घेईन. दुसरा कागद नोंदणीचा असतो: हा खेळाडू आजपासून अमुक संघाचा म्हणून संघटनेच्या दफ्तरी दाखल झाला. पहिल्या कागदाला मुदत असते आणि दोन्ही बाजूंना त्यात काही ना काही द्यावे लागते. दुसरा कागद दिसायला साधा, एका पानाचा. पण खेळाडू मैदानात उतरणार की नाही, हे त्याच्यावर ठरते. वृत्तपत्रे ज्याला ‘कराराचा वाद’ म्हणतात, तो खोलात शिरून पाहिला तर बहुतेक वेळा या दुसऱ्या कागदाचा वाद निघतो. आपल्या भागातल्या एखाद्या साखर कारखान्यातला पॅनमन कराराची मुदत संपल्यावर शेजारच्या कारखान्यात गेला, तर पहिल्या कारखान्याचा अध्यक्ष फार तर त्याच्या नावाने बोटे मोडील. परंतु ‘याची साखर शिजवण्याची नोंदणी आमच्याकडे आहे, सबब याने अन्यत्र साखर शिजवू नये’ असे म्हणण्याची सोय त्याला नाही. (तशी सोय निघाली असती तर आपल्या जिल्ह्याने ती सर्वांत आधी वापरली असती, हा भाग निराळा.) फुटबॉलमध्ये ही सोय कित्येक दशके होती आणि ती कायदेशीर मानली जात होती.

इंग्लंडमध्ये तिला ‘राखा आणि हस्तांतरित करा’ अशा अर्थाचे नाव होते. खेळाडूचा करार संपला तरी क्लब त्याची नोंदणी राखून ठेवू शकत असे, आणि त्याने दुसरीकडे जाण्याची मागणी केली असेल तर त्याला पगार न देताही राखू शकत असे. त्यातून पगारालाही कमाल मर्यादा होती; आठवड्याला २० पौंडांची ती मर्यादा खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस दिल्यानंतर जानेवारी १९६१ मध्ये उठली. जॉर्ज ईस्टहॅम हा न्यूकॅसल युनायटेडचा गुणी खेळाडू. क्लबने दिलेले घर राहण्याजोगे नाही, ही त्याची तक्रार होती. करार संपल्यावर १९६० मध्ये त्याने क्लब सोडण्याची परवानगी मागितली आणि क्लबने ती नाकारली. तेव्हा या गृहस्थाने खेळणेच थांबवले, दक्षिणेत जाऊन बुचाच्या व्यवसायात नोकरी धरली आणि काही महिने बूच विकले. अखेर न्यूकॅसलने त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनलकडे जाऊ दिले. येथे सामान्य माणूस समाधानाने घरी गेला असता. ईस्टहॅम खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर न्यायालयात गेला, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की करार संपल्यावरही खेळाडूला अडवून ठेवणारी ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरचे अवाजवी बंधन आहे. त्या निकालपत्रात खेळाडूच्या पायांतल्या कसबाची चर्चा नाही, गोलांची संख्या नाही. आहे ती एका नोकराची कैफियत. कामगार न्यायालयात मी आयुष्यभर जे वाचत आलो, तेच तिथे आहे.

आता माझी स्वतःची कैफियत. ती ऐकवल्याशिवाय मी खाली बसत नाही, हे अध्यक्षांना ठाऊक आहे आणि म्हणूनच ते आतापासून घड्याळाकडे पाहत आहेत.

मी १९७८ साली एकोणीस वर्षांचा होतो आणि डाव्या बगलेने बऱ्यापैकी पळत असे. आपल्याकडे संघ तालमीच्या नावाने उभा राहतो, आणि तालमीची रीत कुस्तीच्या आखाड्यातून आलेली आहे. शाहू महाराजांच्या काळापासून या शहरात पैलवानाला खुराक मिळतो; करार मिळत नाही. आम्हा फुटबॉलवाल्यांच्या नशिबी तोच वारसा आला. एका संध्याकाळी आमच्या संघाचे सेक्रेटरी, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणत असे, मला एका मिसळीच्या हॉटेलात घेऊन गेले. मिसळ झाली, जादा कट झाला, आणि अण्णांनी खिशातून चार घड्यांचा फॉर्म काढून टेबलावर पसरला. टेबल ओले होते, म्हणून तो बाहेर उभ्या असलेल्या राजदूत मोटारसायकलच्या सीटवर ठेवून मी सही केली. फॉर्मवर माझे नाव वगळता काहीही भरलेले नव्हते. खालच्या कोपऱ्यात तांबड्या कटाचा अंगठ्याएवढा डाग पडला होता, आणि तो माझ्याच बोटाचा असल्यामुळे पुढे मला ‘ही सही माझी नव्हेच’ असे म्हणण्याची सोयही उरली नाही.

मोबदला काय? बुटांचा एक जोड, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रोज संध्याकाळी संघाच्या खात्यावर धारोष्ण दुधाचा एक ग्लास. ज्यांनी ते दूध प्यायले आहे त्यांना मी सांगायला नको. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, वर चार बोटे फेस, आणि प्यायल्यावर मिशा नसलेल्यालाही मिशी. त्या वयात मला माझ्याइतका श्रीमंत माणूस साऱ्या करवीर नगरीत दिसत नव्हता.

दुसऱ्या हंगामाआधी मला एका बँकेच्या संघाने बोलावले. बँकेत शिपायाची जागा, महिन्याचा पगार, आणि पदवी झाली की कारकून होण्याची आशा. घरी वडील आजारी होते. मी अण्णांच्या सायकल दुकानी गेलो आणि चाचरत विषय काढला. अण्णा पंक्चर काढत होते. त्यांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते शांतपणे पाहिले, आणि मान वर न करता एकच प्रश्न विचारला: “दूध कुनाचं प्यालाईस?”

श्रोतेहो, या प्रश्नाला भारतीय करार कायद्यात उत्तर नाही. मी पुढे तो कायदा पाठ केला, त्याची कलमे न्यायाधीशांच्या तोंडावर फेकली. पण त्या दिवशी मी गप्प उभा राहिलो. अण्णा उठले, त्यांनी गवळ्याची वही मागवली आणि माझ्या नावापुढच्या रेघा मोजायला सुरुवात केली. पाच रेघांचा एक गठ्ठा, असे ते बोटाने मोजत होते, आणि मध्ये एखादा दिवस खाडा दिसला की ‘इथं आला नव्हतास’ असे प्रामाणिकपणे वजा करत होते. एकूण १८७ ग्लास निघाले. मग ते म्हणाले की आम्ही सोडल्याशिवाय तुला कुठलाही संघ खेळवणार नाही. ते नियमात होते की नव्हते, हे मी त्यांना विचारले नाही, कारण नियम कुठे लिहिलेले असतात हेच मला माहीत नव्हते. तो हंगाम मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून, शेंगदाण्याची पुडी हातात घेऊन पाहिला. बँकेतली ती जागा दुसऱ्या एका मुलाला मिळाली. तो शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाला. माझ्यापेक्षा तो उजव्या पायाने चांगला होता, हे मी मान्य करतो. डाव्याने मुळीच नव्हता.

यात अण्णांना मी खलनायक ठरवू इच्छित नाही. त्याच वर्षी माझे वडील गेले, तेव्हा पहाटे चार वाजता खांदा द्यायला सर्वांत आधी अण्णा आले, आणि पंचगंगेच्या घाटावर लागणारा सारा खर्च संघाने केला. तो पैसा कुठल्याही वहीत लिहिला गेला नाही. नोकरीच्या करारात अशा गोष्टी बसत नाहीत. माझी तक्रार इतकीच आहे की माझ्या बाजूला पहिला कागद अजिबात नव्हता. त्यांच्या हाती दुसरा कागद होता, आणि त्या दोहोंमधली मोकळी जागा निष्ठा या शब्दाने भरून काढली जात होती. गोल चुकला तर मला बाहेर बसवताना त्यांना निष्ठा आडवी येत नसे. येऊही नये, संघ चालवायचा तर असेच करावे लागते. मग मी जाताना तरी ती का आडवी यावी, हा माझा १९७९ सालचा प्रश्न आहे आणि तो आजही प्रलंबित आहे.

चिठ्ठी आलेली आहे. ‘दहा मिनिटे’ असे लिहिले आहे आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत. तेव्हा मधली तीस वर्षे एका परिच्छेदात उरकतो.

ज्याँ-मार्क बोस्मन या बेल्जियन खेळाडूचा लिएजच्या क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला. क्लबने त्याला जुन्या पगाराच्या सुमारे चौथाई पगारावर राहण्याचा प्रस्ताव दिला; तो नाकारून त्याने फ्रान्समधल्या डंकर्कच्या संघाकडे जायचे ठरवले, तर व्यवहार पैशावर अडला आणि तो अधांतरी राहिला. पाच वर्षे खटला चालला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाताना जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. आज खेळाडू मुदत संपल्यावर ‘फुकट’ जातात, ते बोस्मनमुळे. त्याच्या स्वतःच्या हाती मात्र फारसे काही लागले नाही. तोवर त्याचे खेळण्याचे वय निघून गेले होते. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या आताच्या नियमांत दोन महिन्यांचा पगार थकला आणि पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही मिळाला नाही, तर खेळाडू करार मोडू शकतो. अण्णांनी दोन महिने दूध थकवले असते तर, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण त्यांनी एक दिवसही थकवले नाही. आपल्या देशात २०२४ मध्ये बचावपटू अन्वर अली मोहन बागानशी असलेला करार एकतर्फी मोडून ईस्ट बंगालमध्ये गेला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२.९० कोटी रुपयांची भरपाई सुनावली, आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर पुन्हा सुनावणीची वेळ आली. त्यावर मला बरेच बोलायचे होते, ते राहिले.

आता मेस्सी. २००० सालच्या डिसेंबरात बार्सिलोना या स्पॅनिश क्लबचे अधिकारी कार्लेस रेक्साक यांनी तेरा वर्षांच्या मेस्सीला घेण्याचे वचन चक्क एका कागदी रुमालावर लिहून दिले होते. तो कागद २०२४ मध्ये लिलावात ७,६२,४०० पौंडांना गेला. माझ्या राजदूतवरच्या फॉर्मला कुणी विचारत नाही. १७ वर्षांनी, २०१७ मध्ये, झालेल्या करारात दोन कलमे होती. एक, मुदतीआधी त्याला न्यायचे असेल तर सत्तर कोटी युरो मोजावे लागतील. दुसरे, हंगामाच्या अखेरीस तो मोफत जाऊ शकेल, पण १० जूनपर्यंत तसे कळवले पाहिजे. २०२० मध्ये करोनामुळे हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला. १४ ऑगस्टला लिस्बनमध्ये जर्मनीच्या बायर्न संघाने बार्सिलोनाला ८–२ असे लोळवले, आणि २५ ऑगस्टला मेस्सीने बुरोफॅक्सने, म्हणजे आपल्या पोहोचपावतीच्या रजिस्टर टपालासारख्या मार्गाने, आपण जात असल्याचे कळवले. क्लब म्हणाला, १० जून उलटला. मेस्सीचे म्हणणे असे की ती तारीख हंगाम संपण्यासाठी घातली होती, आणि हंगाम तर आत्ता संपला. स्पॅनिश लीगने क्लबची बाजू घेतली. वकील म्हणून मला हा दावा कोणत्याही बाजूने चालवायला मिळाला असता तर मी फी घेतली नसती: तारखेचे अक्षर मोठे की तारखेमागचा हेतू? निकाल कधीच लागला नाही, कारण ४ सप्टेंबरला मेस्सीने सांगितले की ज्या क्लबने मला सारे काही दिले त्याला मी न्यायालयात खेचणार नाही. तो राहिला. गंगावेशीत त्याला कुणी नेले नव्हते, तरी प्रश्न त्याला तोच पडला होता.

पण खरी गंमत पुढच्या वर्षीची आहे आणि ती सांगून मी थांबतो, कारण अध्यक्ष उभे राहिले आहेत. जून २०२१ अखेर करार संपला. आता त्याला राहायचे होते, क्लबलाही तो हवा होता, पगार निम्मा करायला तो तयार होता, आणि बोलणी पूर्ण झाली होती. पहिला कागद सहीसाठी तयार होता. तरीही ५ ऑगस्टला क्लबने जाहीर केले की हे होऊ शकत नाही: स्पॅनिश लीगच्या खर्चमर्यादेच्या नियमांत कर्जबाजारी बार्सिलोनाला त्याची नोंदणी करता येत नव्हती. तीन दिवसांनी जगातला सर्वांत मोठा खेळाडू पत्रकारांसमोर कागदी रुमालाने डोळे पुसत उभा होता, आणि मी घरी टीव्हीसमोर बसून बायकोला सांगत होतो की बघ, दुसरा कागद. ती म्हणाली, चाळीस वर्षे झाली, आता तरी ते दूध विसरा.